परदेशात जन्मलेल्या बाळाचं भारतीय नागरिकत्व : नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयासमोरच्या एका वकिलांच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, नावबदलाचे अर्ज, वारसदाखल्याची प्रकरणं, सगळं हाताखालून गेलं. तरीही माझ्याच नातीच्या जन्माची एक नोंद वेळेत झाली नाही आणि आम्ही दोन वर्षं तिला मांडीवर घेऊ शकलो नाही. तेव्हापासून कुणाची लेक, कुणाची सून परदेशात बाळंत झाली की लोक मला फोन करतात. इंदिरानगरहून करतात, ओझरहून करतात, निफाड-पिंपळगावहूनही करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आईवडील दोघंही भारतीय, दोघांकडे भारतीय पासपोर्ट. मग बाळ आपोआप भारतीय नाही का?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून हे आधी समजून घ्या.

नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा आहे. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला आईवडिलांच्या नात्याने नागरिकत्व मिळतं ते त्यातल्या कलम ४ खाली. याला वंशपरंपरेने मिळणारं नागरिकत्व म्हणतात. पूर्वी ते बरंचसं आपोआप मिळायचं. पण ३ डिसेंबर २००४ पासून नियम बदलला. त्या दिवशी किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेलं मूल भारतीय नागरिक ठरायचं असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत, म्हणजे तिथल्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात, त्याच्या जन्माची नोंद व्हावी लागते. सोबत आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं की मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही.

म्हणजे रक्ताचं नातं आहेच, पण नोंद झाल्याशिवाय कायद्याच्या लेखी ते पुरत नाही. सिडकोतल्या एका आजोबांनी मला ऐकवलं होतं, "अहो, आमच्या सात पिढ्या नाशिकच्या!" खरं आहे. पण पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नाव आपण जाऊन सांगितल्यावरच चढतं ना? हेही तसंच आहे.

ते एक वर्ष कशापासून मोजायचं? वर्षाच्या आत अर्ज दिला की झालं?

बाळाच्या जन्मतारखेपासून मोजायचं. दवाखान्यातून घरी आल्यापासून नाही, तिथला जन्मदाखला हातात पडल्यापासूनही नाही.

आणि कायद्यातले शब्द "नोंद झाली पाहिजे" असे आहेत, "अर्ज केला पाहिजे" असे नाहीत. त्यामुळे अकराव्या महिन्यात धावत जाऊ नका. एखाद्या कागदात चूक निघाली, फोटो नाकारला, लग्नाचा दाखला नाशिकहून मागवायची वेळ आली, तर महिना कसा गेला ते कळत नाही. मी सगळ्यांना सांगते, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत अर्ज जाऊ द्या. बाळंतपणाला गेलेली आजी तिथे असतानाच हे उरकलं तर फार बरं. आईबाप रात्रभर जागे असतात, त्यांना तारखा आठवत नाहीत. आजीला आठवतात.

नोंद नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होईल का?

नाही होणार. ही नोंद परदेशातच, तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात होते. साधारणपणे बाळ जिथे जन्मलं आणि आईवडील जिथे राहतात, तो भाग ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तिथे. बऱ्याच देशांत कागद घ्यायचं काम व्हीएफएस किंवा बीएलएससारख्या कंपन्यांकडे दिलेलं असतं. तिथे कागद फक्त गोळा होतात, निर्णय दूतावासाचाच असतो.

अर्जाचा नमुना क्रमांक १ आहे, नागरिकत्व नियम २००९ मधला. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापायचा आणि कागद जोडून द्यायचा. बहुतेक ठिकाणी जन्मनोंद आणि बाळाचा पहिला भारतीय पासपोर्ट ही दोन्ही कामं जोडीनेच होतात. पासपोर्ट हातात आला की लोक खूश होऊन घरी जातात आणि नोंदीचं प्रमाणपत्र मागायला विसरतात. ते वेगळं मागून घ्या. पासपोर्ट पाच वर्षांत बदलतो, ते प्रमाणपत्र जन्मभर लागतं.

कागद कोणते लागतात?

प्रत्येक दूतावासाची यादी थोडी वेगळी असते, ती तिथूनच घ्या. पण गाभा सगळीकडे सारखा आहे : बाळाचा तिथल्या सरकारने दिलेला जन्मदाखला, आईवडिलांचे मूळ पासपोर्ट आणि प्रती, बाळ जन्मलं त्या दिवशी दोघांचा त्या देशात राहण्याचा परवाना काय होता त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, तिथल्या पत्त्याचा पुरावा, बाळाचे फोटो आणि दुसरा पासपोर्ट नसल्याचं दोघांच्या सह्यांचं निवेदन.

अडतं कुठे ते सांगते. पहिली अडचण जन्मदाखल्याची. इंग्लंडमध्ये दोन प्रकारचे दाखले मिळतात, एक छोटा आणि एक पूर्ण. छोट्यावर आईवडिलांची नावंच नसतात. नात्याच्या जोरावर नागरिकत्व मागायचं आणि कागदावर नातंच नाही, मग तो काय कामाचा? पूर्ण दाखला घ्यायचा. अमेरिकेत दवाखाना बाळाच्या पावलांचे ठसे उमटवलेला एक सुंदर कागद देतो. तो आठवण म्हणून जपा, अर्जाला राज्य किंवा काउंटीच्या नोंदणी कार्यालयाचाच दाखला लागतो.

दुसरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. आपल्याकडे लग्न थाटात होतं आणि नोंदणी राहून जाते. मग लेकीचा फोन येतो, "आई, मॅरेज सर्टिफिकेट पाठव." आणि इथे आम्ही लग्नपत्रिका, हॉलची पावती आणि भटजींचा नंबर शोधत बसतो. मूल व्हायच्या आधीच, जोडपं नाशिकमध्ये असताना, लग्नाची नोंदणी करून घ्या.

आणि फोटो. हसू नका, सर्वांत जास्त अर्ज मला वाटतं फोटोवरून परत येत असतील. पांढरी पार्श्वभूमी हवी, डोळे उघडे हवेत, कुणाचा हात दिसता कामा नये. पंधरा दिवसांचं बाळ डोळे उघडून सरळ बघतं का? आमच्या शेजारच्या सुनेने मस्कतमध्ये पांढरी चादर गादीवर ताणून अंथरली, दूध पाजून बाळाला उताणं ठेवलं आणि सासूने खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढले. चाळीसेक काढले तेव्हा एक चालला. काजळ आणि तीट पुसून टाका, झबलं रंगीत घाला, पांढरं नको.

आमच्यात बारशाशिवाय नाव ठेवत नाहीत. तिथे तर लगेच नाव मागतात.

देशावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये जन्म नोंदवायला ४२ दिवस असतात, म्हणजे बाराव्या दिवशीचं बारसं आरामात बसतं. नेदरलँड्समध्ये मात्र तीन दिवसांत जन्म आणि नाव दोन्ही नोंदवावं लागतं. तेव्हा दोन नावं आधीच ठरवून ठेवा. कागदावर एकदा नाव गेलं की बारशाला आत्या कानात दुसरंच सांगेल, पण पासपोर्टवर तेच राहील. नंतर "आपण कागदावर बदलून घेऊ" हे फार जड जातं.

दुसरं, आपली नाव लिहायची पद्धत. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. परदेशी अर्जात मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. वडिलांचं नाव मधे हवं असेल तर ते बाळाच्या नावाच्या रकान्यातच लिहायला सांगा, आणि एकदा जे लिहाल तेच जन्मदाखला, नोंदणी, पासपोर्ट सगळीकडे अक्षर न् अक्षर तसंच ठेवा. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि जन्मदाखल्यावर सासरचं, असं झालं की प्रतिज्ञापत्रं सुरू होतात. त्यांची मी आयुष्यभर टायपिंग केली आहेत, कामं होतात पण महिने जातात.

जावई दुबईला आहेत. तिथे काही वेगळं आहे का?

आखाती देश जन्मावरून नागरिकत्व देत नाहीत. त्यामुळे तिथे बाळाला भारतीय पासपोर्ट मिळाल्याशिवाय त्याचा राहण्याचा परवाना होत नाही आणि विमानातही बसता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत नवजात बाळाचा परवाना १२० दिवसांत काढायचा असतो, पुढे दंड सुरू होतो. या धाकामुळे आखातातली मंडळी उलट वेळेवर नोंद करतात.

त्यांची अडचण नावांची असते. दाखला आधी अरबीत लिहिला जातो आणि तिथून इंग्रजीत येतो. "ज्ञानेश्वर" अरबीत जाऊन परत येताना काय होऊन येईल सांगता येत नाही. दाखला घेताना खिडकीपाशीच उभं राहून पासपोर्टशी ताडून बघा. तो देश सोडल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे कुणाला तरी मुखत्यारपत्र देऊन पाठवावं लागतं.

परदेशी जन्मदाखल्याला अपॉस्टिल मुंबईत करून मिळेल का?

नाही. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची मोहोर, आणि ती ज्या देशाने कागद दिला त्याच देशाने मारायची असते. इंग्लंडचा दाखला तर मोहोर इंग्लंडची. देश सोडण्यापूर्वी करून घ्या. उलट बाजूने, तुमचा नाशिकचा लग्नाचा दाखला तिकडे हवा असेल तर त्याची मोहोर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची लागते.

नातू अमेरिकेत झाला. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंच आहे. भारताचंही घेता येईल का?

हा प्रश्न कॉलेज रोड-गंगापूर रोडकडून सर्वांत जास्त येतो, आणि याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या भूमीवर जन्मलेलं मूल तिथलं नागरिक होतं. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९८३ पासून तसं नाही : आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा परवाना असलेले हवेत. ऑस्ट्रेलियानेही १९८६ मध्ये जवळपास अशीच अट घातली. तेव्हा "तिकडे जन्मलं म्हणजे तिकडचं" हे सगळीकडे लागू नाही.

अमेरिकेतलं बाळ तिथलं नागरिक जन्माने झालं, कुणी अर्ज करून घेतलं नाही. म्हणून त्याच्या आईवडिलांनी वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात नोंद केली आणि अमेरिकेचा पासपोर्ट काढला नाही, तर ते भारतीय नागरिकही होऊ शकतं. कायद्यात याची सोय आहे आणि पुढे अठराव्या वर्षानंतर काय करायचं तेही सांगितलं आहे. पण पासपोर्ट दोन ठेवता येत नाहीत.

व्यवहारात अडचण अशी की अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाने येताजाता अमेरिकेचाच पासपोर्ट वापरावा असं म्हणतो, आणि अमेरिकन नागरिकाला अमेरिकेचा व्हिसा मिळायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवर नाशिकला आणलेलं बाळ दोन महिन्यांनी परत न्यायचं झालं तर अडकलं. त्यामुळे जे कायमचे परत येणार आहेत त्यांनी हा मार्ग मनापासून तपासावा. ज्यांची नोकरी, घर तिकडेच राहणार आहे ते बहुतेक जण बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेतात. आईवडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी मूल ओसीआयला पात्र ठरतं, मात्र पाकिस्तान किंवा बांगलादेशशी नागरिकत्वाचं नातं असलेल्या घरांना ते मिळत नाही.

कुठला मार्ग चांगला हे मी सांगणार नाही, घर कुठे वसणार आहे त्यावर ते ठरतं. फक्त निर्णय पासपोर्ट काढण्याआधी घ्या. एकदा अमेरिकन पासपोर्ट हातात आला की वकिलातीतल्या नोंदीचं ते निवेदन खरेपणाने देता येत नाही.

ओसीआय म्हणजे नागरिकत्वच ना? नावातच सिटिझन आहे.

नाही, नावाने फसू नका. ती जन्मभराची व्हिसासवलत आहे. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे मिळत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात लागू पडणारी गोष्ट म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या एका काकांचा चेहरा हे ऐकून उतरला होता. त्यांना पुढचंही सांगितलं : वारसाहक्काने शेतजमीन येऊ शकते, बंदी खरेदीवर आहे. आजोबांची बाग नातवाला मिळेल, शेजारचा गट मात्र त्याला घेता येणार नाही.

शिक्षणाचंही आधी बघा. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआय मुलं अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरली जातात, सर्वसाधारण भारतीय जागांवर नाही. इथे वाढणाऱ्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे.

एक वर्ष उलटून गेलं. आता?

दार बंद होत नाही. केंद्र सरकारची परवानगी घेऊन वर्षानंतरही नोंद होते. अर्ज त्याच वकिलातीत द्यायचा, उशीर का झाला ते लेखी आणि पुराव्यासह सांगायचं. तो अर्ज दिल्लीला गृह मंत्रालयात जातो, परवानगी आली की नोंद आणि मग पासपोर्ट.

आमचं असंच झालं. नात इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. तिथल्या तिथे राहणाऱ्या बाळाला लगेच कुठला पासपोर्ट लागत नाही, म्हणून लेक आणि जावई म्हणाले, मे महिन्यात नाशिकला यायचंय, त्याआधी काढू. एका माहितगार म्हणवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की दोघं भारतीय आहेत, काळजीचं कारण नाही. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली. नोकऱ्या घरून, बाळ अंगावर, बाहेर रोज वाईट बातम्या. पहिला वाढदिवस आम्ही मोबाइलवर पाहिला आणि त्या दिवशी वर्ष संपलं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. जानेवारीत लेक-जावई अर्ज करायला गेले तेव्हा कळलं.

मग पत्र लिहिलं. मीच लिहून पाठवलं. विमानसेवा बंद, अपॉइंटमेंटचे रद्द झालेले ईमेल, दवाखान्याचे कागद, तारखेनुसार लावले. परवानगी यायला नऊ महिने लागले. मी तिच्यासाठी माझ्या माहेरचा सागवानी पाळणा तेल लावून हॉलच्या आढ्याला टांगला होता. ती आली त्या दिवाळीत चालत आली, पाळण्याला हाताने झोका दिला आणि त्यात आपली बाहुली ठेवली. ती त्यात कधी झोपलीच नाही.

तुमचंही वर्ष गेलं असेल तर रडत बसू नका आणि खोटं कारणही लिहू नका. "नियम माहीत नव्हता" हे खरं असेल तर तेच लिहा, पण लगेच लिहा. उशिरावर आणखी उशीर नको.

बाळाला इथे आणल्यावर नाशिक महापालिकेत जन्म नोंदवला. आता झालं ना?

जन्माचा दाखला झाला, नागरिकत्व नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की प्रत्येक वेळी जीव कळवळतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा वेगळा आहे, १९६९ चा. त्यातलं कलम २० सांगतं की वकिलातीत नोंदलेल्या जन्मांची माहिती महानिबंधकांकडे जाते. तशी नोंद झाली नसेल आणि आईवडील भारतात स्थायिक व्हायला परतले असतील, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्म नोंदवता येतो, जणू इथेच जन्मला. उशीर झाला तर उशिराच्या नोंदीचे नियम लागतात. वर्षाहून जास्त उशीर असेल तर पूर्वी कोर्टाचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांचा लागतो.

राजीव गांधी भवनातून मिळालेला तो दाखला शाळेला, आधारला उपयोगी पडतो. पण बाळ कुठल्या देशाचं नागरिक आहे हे तो सांगत नाही. दोन कायदे, दोन नोंदी, दोन वेगळे कागद.

मूल आता नाशिकमध्येच आहे, परदेशी पासपोर्टवर. इथून काही करता येतं का?

येतं. भारतीय नागरिकांच्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांची नोंदणी कलम ५ (१) (ड) खाली होते. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे. तिथून राज्याच्या गृह विभागाकडे आणि पुढे केंद्राकडे फाइल जाते. मुलाचा परदेशी पासपोर्ट, व्हिसा, आईवडिलांच्या नागरिकत्वाचे पुरावे हे सगळं लागतं. महिने लागतात, तोवर मुलाचा व्हिसा संपू देऊ नका.

पण एक गाठ आहे. भारतीय नागरिकत्व द्यायच्या आधी दुसऱ्या देशाचं सोडल्याचा पुरावा मागतात, आणि अमेरिकेचा कायदा आईवडिलांना मुलाच्या वतीने नागरिकत्व सोडू देत नाही. म्हणून अमेरिकेत जन्मलेल्या लहान मुलांना हा रस्ता सहसा चालत नाही. त्यांनी ओसीआयवर राहावं आणि अठरा वर्षांनंतर स्वतः ठरवावं.

आई भारतीय, वडील परदेशी. चालतं?

चालतं. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, कुणीही एक भारतीय असलं तरी पुरतं. त्याआधी परदेशात जन्मलेल्यांना फक्त वडिलांच्या नात्याने नागरिकत्व मिळायचं. आईचं नातं कायद्याला दिसायला १९९२ उजाडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी स्वतः १९९७ मध्ये मस्कतला जन्मले, वाढले नाशिक रोडला. आता माझं बाळ परदेशात होणार आहे. त्याला मिळेल?

मिळेल. तुमचे आईवडील भारतात जन्मलेले नागरिक असतील तर १९९७ मध्ये तुमच्या नोंदीची अट नव्हती. तुमच्या बाळाला मात्र आहे, आणि तुम्ही स्वतः वंशपरंपरेने नागरिक असल्यामुळे तुमचे जुने कागदही जास्त बारकाईने बघतील. तुमचा मस्कतचा जन्मदाखला आणि आईवडिलांचे त्या काळचे पासपोर्ट आत्ताच शोधून ठेवा. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून टाकून देऊ नका.

बाळाची नोंद झाली, नंतर आम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं तर?

परदेशी नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की तुमचं भारतीय नागरिकत्व कलम ९ खाली आपोआप संपतं. तुम्ही कलम ८ खाली घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडलं, तर तुमच्या अज्ञान मुलाचंही जातं, पण अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षात त्याला ते परत मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की आईवडिलांचं नागरिकत्व कलम ९ खाली आपोआप गेलं असेल, तर मुलाला कलम ८ मधला हा परत मागण्याचा हक्क लागू होत नाही. हे पाऊल उचलायच्या आधी नागरिकत्वाचं काम करणाऱ्या वकिलाशी नक्की बोला.

अठरा वर्षांनी काय होतं?

जन्माने दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व संपतं. बारावी, प्रवेश, हॉस्टेल या गडबडीत ही तारीख येते. कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

मुलाचा भारतीय पासपोर्ट पुढे नाशिकमध्ये नवा करून मिळतो ना?

हो, इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात. अज्ञान मुलाचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. आईवडील दोघांनी जोडपत्र ड (अ‍ॅनेक्शर डी) भरायचं. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर जोडपत्र क (अ‍ॅनेक्शर सी). जाताजाता सांगते, देशातले पासपोर्ट छापले जातात ते आपल्याच नाशिक रोडच्या प्रेसमध्ये. माझे वडील तिथे होते. भोंगा झाला की जेल रोडवर सायकलींची रांग लागायची, त्यातली एक त्यांची.

एजंट लागतो का?

लागत नाही. फॉर्म भरता येत नसेल तर कुणाकडून भरून घ्या, त्याचे पैसे द्या, त्यात वावगं नाही. पण "दिल्लीत ओळख आहे, परवानगी महिन्यात आणून देतो" म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका. आणि दुसरा पासपोर्ट असताना नाही असं लिहून देण्याचा सल्ला जो देईल त्याच्याकडे परत जाऊ नका. खोट्या माहितीवर झालेली नोंदणी सरकार रद्द करू शकतं, आणि ते भोगायचं मुलाला असतं.

सगळं झालं. कागद कसे ठेवू?

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या. परदेशी पूर्ण जन्मदाखला, त्याच्यावरची मोहोर, वकिलातीतल्या नोंदीचं प्रमाणपत्र, बाळाचा पहिला पासपोर्ट रद्द झाला तरी, आईवडिलांचे त्या वेळचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, लग्नाचा दाखला, भरलेल्या अर्जाची प्रत आणि फीची पावती. उशिराची परवानगी घेतली असेल तर ते पत्र सर्वांत वर. काहीही लॅमिनेट करू नका, मागची बाजू आणि शिक्के तपासता येत नाहीत. एक संच तिकडे, एक नाशिकला आजीच्या कपाटात. आमच्या नातीची फाइल माझ्या कपाटात पैठणीच्या खाली आहे, आणि वर डकवलेल्या चिठ्ठीवर एकच तारीख लिहिली आहे : एप्रिल २०३८, साडेअठरा. तिच्या बाबतीत त्या तारखेला काही करायचं नाही, तिच्याकडे एकच नागरिकत्व आहे. तरी लिहून ठेवली आहे.